देवाच्या घागरीतले पाणी

बाबा, तुमचे समुद्रफूल कशाने मेले हे मला आता कळले आहे, आणि त्या कळण्याचा आता कोणालाही उपयोग नाही.

ऐंशीच्या दशकात तुम्ही सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होता आणि मी बी.कॉम. करत होतो. मुंबईच्या तुमच्या मित्राने तो जीव समुद्राच्या पाण्याच्या कॅनांसह रेल्वेने पांढुर्ण्याला आणून दिला. तिथून आपण दोघांनी तो डबा बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला. दगडाला चिकटलेला मांसल देठ आणि त्यावर बोटांसारखे हलणारे मऊ झुबके. रामाकोन्याचा मामा घरातल्या काचेच्या टाकीसमोर बसून म्हणाला, "भाऊजी, समुद्र आणला म्हणता, मंग लाटा कुठी हायेत?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लाटा तुमच्या बहिणीजवळ हायेत." आई हसली. घरात तुम्ही थट्टा केल्याचे मला आठवते, ते एवढेच.

शाळेतल्या मुलांनी जिवंत समुद्र पाहावा, यासाठी तुमचा सारा खटाटोप होता. उन्हाळ्यात टाकीची पातळी रोज उतरते. तुम्ही काचेची तरंगती नळी पाण्यात सोडता, गुडघे टेकता आणि डोळे पाण्याच्या रेषेत आणून खारटपणा वाचता. मी उभ्यानेच आकडा सांगतो. "वरून पाहून सांगून राहिला? खाली वाक." पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून तूट गोड्या पाण्यानेच भरायची, हे तुम्ही मला तेव्हा शिकवलेत. विहिरीचे पाणी क्षारांनी जड, म्हणून तुम्ही बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणत होता. आईला तो कॅन पाहवेना. "अजी, या वंगणाच्या डब्यातलं पाणी त्या जिवाले देता? मी देवाच्या घागरीत ओतून ठेवते." चिंचेने घासलेली तांब्याची घागर, तिच्याहून शुद्ध भांडे आपल्या घरात नव्हते. तुम्ही म्हणालात, "हे बरं केलं वं."

समुद्रफूल आक्रसू लागले. तुम्ही खारटपणा पाहिला, आम्लता पाहिली, टाकीभोवती ओली गोणपाटे बांधली. राखून ठेवलेले समुद्राचे पाणी बदलून घातले की ते थोडे उमलत असे. मग पातळी उतरे, घागर येई आणि ते पुन्हा मिटे. अखेर त्याने दगड सोडला. घरभर वास सुटला. "माह्यं मोजणंच चुकलं," तुम्ही म्हणालात, आणि मला, "तू कॉमर्स घेतलं ते बरं केलं." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही वर्गात एकही प्रयोग करून दाखवला नाही. पुस्तक वाचून दाखवत राहिलात.

पांढुर्ण्याच्या घरी आता मीही तशी टाकी ठेवली आहे. मागच्या महिन्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, म्हणून औषध मागवले. बाटलीवर सूचना होती: यात तांबे आहे, समुद्रफूल असलेल्या पाण्यात घालू नये. मला देवाची घागर आठवली. डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढून घेतलेले पाणी भांड्यातले तांबे ओढून घेते. तुमचे मोजणे चुकले नव्हते, बाबा. जे मोजायचे, ते मोजण्याचे साधन तुमच्याजवळ नव्हते.

रविवारी सौंसरला गेलो. आईला आता नीट दिसत नाही. तुमचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "लई जीव होता रे त्यायचा त्याच्यात. मी रोज देवाच्या घागरीतलं पाणी देत होती, तरी नाही वाचलं. कायनं मेलं असंन?"

"उन्हानं," मी म्हणालो.

"मले तेच वाटे," ती म्हणाली, आणि तिला बरे वाटलेले मला दिसले.

तुम्ही हयात असता तर तुमच्यावरचा हा दोष मी आधी उतरवला असता, असे मी हे लिहायला बसेपर्यंत समजत होतो. नसता उतरवला. तुमच्यावरून काढला असता, तर तो ठेवायला घरात आईखेरीज दुसरी जागा नव्हती.