रेडिएटरमधलं मीठ

उरण, एप्रिल १९३४, रविवार संध्याकाळ

दुपारी जेवताना काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "कुसुमनं गाडी चालवली, म्हणून इंजिन बिघडलं. बायकांचा हात लागला की यंत्र रुसतं." बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडची चावी मागून घेतली. आता गाडी मी चालवायची नाही.

गुरुवारी मी गाडी नीट आणून लावली होती. शुक्रवारी काका ती आमच्या मिठागरावर घेऊन गेले. रेडिएटरमधलं पाणी आटलं आणि विहीर लांब, म्हणून खाडीचंच ओतलं. घरी येऊन स्वतःच हसत म्हणाले, "घोडा असता तर तोंड लावलं नसतं. गाडी बिचारी मुकाट प्यायली!" तेव्हा सगळे हसले. आज कुणालाच आठवत नाही?

जेवणं झाल्यावर मी रेडिएटरची नळी सोडवली. आत पांढरा थर, गंजाने तांबूस झालेला. जिभेला लावून पाहिला. मीठच.

मुंबईला रसायनशास्त्र शिकले, पण याला ते कशाला हवं? खाडीचं पाणी आटवून तीन पिढ्या जगलेल्या घराला, पाणी आटल्यावर काय उरतं हे मी सांगायचं?

वाद घालणार नाही. घातला तर माझा चढलेला आवाज तेवढा लक्षात राहील. थर खरवडून वाटीत ठेवला आहे. रात्री पानं मीच वाढते, आणि पानात पहिलं मीठ पडतं. काकांच्या पानात हे वाढीन, आणि ते तांबूस का म्हणून बाबा विचारीपर्यंत तिथेच उभी राहीन.