बाबांचा वाटा

१२ मार्च
आईने आजही सही केली नाही! कागद आणायला मी बसने कास्त्रो शहरात जाऊन आले. घरात शाळा पुरी केलेली मी एकटीच, म्हणून कचेरीची सगळी कामं माझ्याकडे. पेन्शनसाठी तिने एवढंच लिहून द्यायचंय — नवरा ऑगस्टच्या वादळात होडीवरून वाहून गेला, परत आला नाही. "बघू," म्हणाली, आणि मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसायला बसली.

१५ मार्च
होडी धक्क्याला लागली. मालक डॉन रुदेसिंदो नेहमीसारखे बाबांच्या वाट्याची मासळी देऊन गेले. आमच्या बंदरात रीतच आहे — बायको स्वतः "गेला" म्हणत नाही तोवर त्याचा वाटा घरी येतो, आणि होडीत त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला घेत नाहीत. म्हणजे तिघंजण चौघांचं काम करतात, आणि चौथा हिस्सा आम्ही खातो! आईला म्हटलं, ही चोरी आहे. म्हणाली, "मग तू नुसते बटाटे खा."

१६ मार्च
मासे खाल्ले. चांगले झाले होते. फार वाईट वाटलं.

२० मार्च
मला वाटत होतं, आई अजून बाबांची वाट बघतेय. आज भीतभीत विचारलं. ती हसली, मग ॲप्रनने डोळे पुसले.
"अगं, तो गेला हे मला त्याच दिवशी कळलं."
"मग सही का नाही करत?"
"सही एकदाच करता येते, पोरी. तिच्या बदल्यात काय मागायचं ते ठरतंय."
काय मागणार ही? कचेरीत काही भलतंच बोलली तर?

२४ मार्च
आईने डॉन रुदेसिंदोंसकट होडीवरच्या तिघांनाही मिल्काओ खायला बोलावलं. त्यांची तोंडं भरलेली बघून शांतपणे म्हणाली, सही करते, वाटा बंद करा. पण होडीतली त्याची जागा मला द्या.
त्यांच्यातला आबेलिनो म्हणाला, "वहिनी, होडीत बाई असली की समुद्र रागावतो."
"आणि पुरुष होते तेव्हा काय लाड करत होता?"
डॉन रुदेसिंदोंना हसताना ठसका लागला. मग तिला धक्क्यावर नेऊन ओलं जाळं ओढायला लावलं. अख्खं बंदर बघत होतं. मला तोंड कुठे लपवू असं झालं! तिने असल्या शिव्या दिल्या की पाद्रीबाबा वाट बदलून गेले — पण जाळं ओढलं.
घरी येऊन सही केली. आता कुणाचं देणं नाही! उरलेले सगळे मिल्काओ मी खाल्ले.

२६ मार्च
आई पहाटे होडीवर जायला निघाली. माझा चेहरा बघून दारातून मागे वळली. म्हणाली, "घाबरतेस कशाला? पेन्शनचा अर्ज कसा करायचा ते आता तुला पाठ आहे."