शेवटचं कडवं सोडून

८ डिसेंबर, डहाणू

कॉलेजात व्हिडिओ शिकवणाऱ्या मॅडमनी फर्मान काढलंय — गाण्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे! डोकं भणभणलं. "संगिता, चित्र कुठे तुटतं ते बघ." अहो, सारखंच तुटतं! आता हात, आता डोळे, आता पैंजण. नवरी अख्खी कुठे दिसतच नाही. आवाज लावला की मात्र सगळं जुळल्यासारखं वाटतं. म्हणजे कानाने डोळ्यांना फसवायचं? काही कळत नाही.

जानेवारीत आमच्या ग्रुपचा व्हिडिओ द्यायचाय. गाणं माझ्या चिमी आत्याचं. आत्या धवलेरी आहे. आमच्या वारल्यांत तिच्या गाण्याने लग्न लागतं. व्हिडिओतला नवरा मनिष, उधव्याला आमच्या पलीकडच्या पाड्यातला. नवरी स्वप्ना, इथली, रेल्वे क्वार्टर्समधली. कॅमेरा मी.

१४ डिसेंबर, उधवा

आत्या अडून बसली! "खोट्या लग्नाला खरं गाणं नाय." मी लाडीगोडी लावली, पाय चेपले. शेवटी तोडगा निघाला — सगळं गाईल, शेवटचं कडवं सोडून. "ते माझ्या तोंडून गेलं का लगीन लागलं. मग मला नको बोलूस!" भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौकसुद्धा लिहायचा नाही.

स्वप्ना हसत सुटली. मनिष नाही हसला. पण मग व्हिडिओ संपवायचा कसा? गाणं मध्येच बंद?

२१ डिसेंबर

शूटिंग! नवरानवरी हळूहळू तरंगत चालताना दाखवायची, तर म्हणे गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्यावर भराभर चालायचं आणि नंतर चित्र हळू करायचं. आत्याने स्वतःचा आवाज तसा ऐकला. "मी काय कोंबडी हाय?" सगळा पाडा लोटपोट! मनिष तर खालीच बसला हसून. त्याला हसताना बघून मला पण आवरेना, कॅमेरा हलला. तो शॉट बाद.

२२ डिसेंबर

स्वप्नाला ताप. मनिषचे जवळचे शॉट एकट्याचेच घेतले.

मॅडम म्हणतात, बिघडत नाही. मुलगा आज बघेल, मुलगी पुढच्या आठवड्यात लाजेल, दोन्ही तुकडे जोडले की प्रेम! मी म्हटलं, "मनिष, त्या मोहाच्या झाडाकडे बघ. झाड म्हणजे स्वप्ना." बघेल तर शपथ! सारखा लेन्समध्ये. "झाडाकडे रे बाबा!" "बघतो ना," म्हणतो, आणि परत लेन्समध्ये. जाम चिडले मी. ओरडलेसुद्धा. मग वाईट वाटलं. का वाटलं, काय माहीत.

३ जानेवारी, डहाणू

स्वप्ना बरी झाली, तिचे शॉट घेतले. फारच छान लाजली! जोडून बघितलं — प्रेम नाही. इकडून तोडलं, तिकडून तोडलं. तरी नाही. ती त्याच्याकडे बघते आणि तो कुठेतरी तिसरीकडेच. मीच कमी पडतेय. माझ्यामुळे अख्ख्या ग्रुपचे मार्क जाणार.

६ जानेवारी

आज आवाज बंद करून मनिषचे सगळे शॉट बघितले. बाकी सगळ्यांत लेन्सकडे. एकातच नाही. त्या वेळी कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला होता आणि मी पाणी आणायला गेले होते. त्यात तो लेन्सकडे ढुंकूनही बघत नाही. उजवीकडे बघतोय, हापशीकडे. तोंडावर ते तसलं हसू. मला हवं होतं तेच! झाडाकडे बघताना का नाही आणलं? हापशीवर काय होतं एवढं?

नंतर

हापशीवर मी होते.

७ जानेवारी

जेवण गेलं नाही. काहीतरी उगाच मनात घेऊ नकोस, संगिता! तुकडे जोडले की काहीही दिसतं, हे गेला महिनाभर तूच घोकतेयस ना?

पण तो शॉट तर कुठेच तुटलेला नाही. अख्खाच्या अख्खा आहे.

१० जानेवारी

मॅडमना दाखवलं. "बाकी छान. पण शेवट कुठेय? आणि नवरीला वाऱ्यावर सोडून नवरदेवाचं लक्ष कुठेय?" मनिष शेजारीच उभा होता. त्याचे कान लालेलाल. कॉलेजातून परत येताना टमटममध्ये दोघं दोन टोकांना बसलो. मला तो आवडतो. लिहून टाकलं एकदाचं! आता काय करायचं, ते काही सुचत नाही.

१३ जानेवारी

व्हिडिओ दिला. बिनशेवटाचा.

बाहेर मनिष थांबला होता. चपलेने माती उकरत म्हणाला, "ते राहिलेलं कडवं... आत्याला विचारशील? आपल्या दोघांसाठी गाईल का. कॅमेरा नको."

मी म्हटलं, "बघते." बघते काय, बघते! उद्या सकाळीच उधव्याला जातेय.