पट्ट्याची चप्पल

किन्हवली, मंगळवार

उद्या सुमनचं तेरावं. दानासाठी वहिनीने नवी स्लिपर आणली. म्हणे, "पुढच्या वाटेला लागंल तिला, भावजी." हीच वहिनी सुमन असताना म्हणायची, "मेंदूचा फोटो बरा आलाय, बाय काय आजारी नाय."

आणि तो डॉक्टर! म्हणाला, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि नसांचा आजार, पण कंप्युटरने मेंदूची झीज मोजली, कमी भरली, म्हणून अपंगत्व किरकोळ. माझ्या बायकोला एकदा चालवून तरी बघायचं. बांधावर पायातली चप्पल गळायची आणि तिला कळायचंही नाही. हे कुठल्या फोटोत दिसतं?

स्लिपर तिच्या पायात टिकलीच नसती. संध्याकाळी शहापूरहून मागे पट्टा असलेली चप्पल आणली.

वहिनी म्हणाली, "मी आणलीय ना?"

म्हटलं, "ती तुमच्या तेराव्याला ठेवा."