तीन नंबरच्या गोदामातली साळुंकी

१४ मे

साळुंकी पुन्हा आत! तीन नंबरच्या गोदामात, पार वर, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपावर. टिकाराम हमालानं थाळी बडवून हाकलाले पाह्यलं, तर रोशनदानाच्या, त्या वरच्या झरोक्याच्या, जाळीवर आपटली बिचारी. मी म्हटलं, "काहून बडवून राह्यले जी? घाबरलं पाखरू अजून वर जाते." तर म्हणे, "मंग तुम्हीच काढा बाई!"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. धानाचे कट्टे-पोते मोजाचे, चाव्या सांभाळाच्या, गुडघे दुखते ते वेगळंच. आता पाखरं बी माह्याच माथी.

१५ मे

जमलं! जेवणाच्या सुट्टीत सगळे दिवे बंद केले. रोशनदानांवर बारदाना टांगला. शिडी टिकारामनं धरली, कुरकुर करत. फक्त मोठं शटर उघडं ठेवलं. आत मिट्ट अंधार, शटरपाशी लख्ख ऊन. दोघं कट्ट्यांच्या थप्पीमागं चूप बसून राह्यलो. दहा मिनिटं झाली असतील — अन् गेली सुर्रकन बाहेर! टिकाराम म्हणे, "बाई, जादू हाय तुमच्या हातात." जादू कायची? पाखरू उजेडाकडे जाते, बस.

घामानं लुगडं चिंब. पण बरं वाटलं. लई दिवसांनी.

१६ मे

परत आत. मूर्ख!

१८ मे

आज दोनदा काढली, दोनदा आली. एका रोशनदानाची जाळी कोपऱ्यात फाटली हाय, तिथून घुसते. बाहेर एवढं गार आंब्याचं झाड सोडून या भट्टीत काय ठेवलं हाय तिनं? आतमंधी पत्रा नुसता तापून राह्यला. वर उंदरांची चींचीं बी वाढली. रजिस्टरात लिहून टाकलं — उंदीर.

पौर्णिमा फोनवर म्हणे, "मम्मी, एक चिड़िया के लिए सीढ़ी चढ़ रही हो? इस उमर में?" पोरीले मायसंग मराठी बोलाचा कंटाळा. पण खोटं नाही बोलली. थकली मी.

१९ मे

वीरेंद्र साहेब आले. "कल तीन नंबर में दवाई लगेगी." म्हणजे थप्प्यांमंधी गोळ्या ठेवतील, सगळ्या फटी कागद चिकटवून बंद, अन् सात दिवस कुलूप. त्या धुरात आत जे राह्यलं ते मेलं — किडा, उंदीर, माणूस बी.

मी म्हटलं, "साहेब, आत साळुंकी हाय. एक दिवस द्या." ते हसले. मी हात जोडले! अठरा वर्षांत स्वतःच्या सुट्टीसाठी नाही जोडले कधी. लाजच वाटली. "ठीक है बाई, परसों. लेकिन बस, परसों."

२० मे

काढली. अन् या खेपेले बाहेर निघाल्याबरोबर फाटक्या जाळीवर बाहेरून दुहेरी बारदाना ठोकून टाकला. टिकाराम म्हणे मी ठोकतो, पण मीच चढली. आता ये म्हणा!

सांजपर्यंत पत्र्यावर ओरडत फिरत होती. शिव्या देत असंल मले. दे बाई, दे. जिती तं राहशील.

२१ मे

सकाळीच गोळ्या ठेवल्या. फटींवर कागद लागले, शटरले सील. कागदावर सही माहीच. घरी येऊन दोन घास खाल्ले अन् आडवी झाली. आज झोप लागंल.

२२ मे

आवाराचं फाटक उघडलं तं दोघंजण होते — ती अन् तिचा जोडीदार, बारदान्याले लटकून. तिच्या चोचीत हिरवी अळी, वळवळत होती अजून. त्याच्या चोचीत नाकतोडा. टिकारामनं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं.

पिलं आत होती, माय वं. पिलं आत होती.