कोपरा कापलेली कार्डं

प्रिय सर,

विद्यापीठाच्या कचेरीतून आज पुन्हा तुमच्या नावाचं पत्र निघालं. माझ्या सहामाही प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही नाही, ती तुम्ही तातडीने करावी म्हणे! तुम्ही गेल्याचं मी लेखी कळवलं, मृत्यूचा दाखला जोडला, तरी हेच. तेच अजून तुम्हाला लिहिताहेत, मग मी का लिहू नये? घरी जायची कोराडीची बस आत्ताच चुकली. स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय.

थकले हो सर मी.

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "पीएचडीले अक्कल थोडी लागते वं नलू, बूड जास्त लागते. बसता आलं पाह्यजे." मी हसले होते. मला वाटलं, अभ्यासाला बसायचं म्हणताय. कचेरीतल्या बाकांवर बसायचं, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?

नोंदणीच्या वेळची धावपळ आठवते? निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तातलं एकच प्रथिन घ्यायचं, त्याच्या साखळ्या संगणकाकडून जुळवून घ्यायच्या आणि कोण कोणाचा जवळचा ते काढायचं. आता हा विषय कोणाचा? जीवशास्त्रवाले म्हणाले गणिताचा, गणितवाले म्हणाले रक्ताबिक्ताचं आमच्याकडे नको. अर्जात रकाना एकच. तुम्ही 'जीवरसायन' असं लिहून मोकळे झालात. "खरं नाव मांगून ठेवतीन कोणी. तू कामाले लाग."

मग जर्मनची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय प्रबंध घेणार नव्हते. कोराडीच्या बसमध्ये मी धातूंची रूपं घोकायची आणि खिडकीतून आलेली वीजकेंद्राची राख पानावरून झटकायची. पास झाले तेव्हा तुम्ही संत्रा बर्फी आणलीत आणि निम्मी स्वतःच खाल्लीत. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं ना तुमचं? मी बोलले असते, पण तुम्ही इतके खूश होतात!

संगणक आपल्याला मिळायचा तो रविवारी, एका सरकारी कचेरीच्या मेहेरबानीने. कार्डांची पेटी सायकलच्या कॅरिअरला जुन्या धोतराने बांधून तुम्ही महाल भागातल्या तुमच्या खोलीवरून निघायचात. आज्ञेची एक ओळ म्हणजे भोकं पाडलेलं एक कार्ड. गठ्ठ्यात एखादं उलटं गेलं तर पटकन दिसावं म्हणून प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेलाच यायचा. शेवटच्या रविवारी तुम्ही बऱ्याच दुरुस्त्या थेट कार्डांवर केल्यात. बरोबर निकाल छापून निघाले, पण दुरुस्त आज्ञा छापून घ्यायला कागदच उरला नाही. "घरी लिहून ठेवतो," म्हणालात. ठेवलं नाहीत सर. त्याच आठवड्यात गेलात.

तुमच्या थोरल्या बहीण, आक्का, काटोलहून आल्या. तुम्ही लग्न केलं नाहीत, तेव्हा सगळं त्यांनीच केलं. तेरवी झाल्यावर मी कार्डं आणायला तुमच्या खोलीवर गेले, तर पेटी धुऊन अंगणात उन्हाला उपडी घातलेली.

"आक्का, यातली कार्डं कुठे आहेत?"

"बंबात टाकले सारे," आक्का म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "एवढे लोक मेले वं, अन् ह्यानं एकही कार्ड फाडलं नाही! कसरीनं भोकं पाडले तरी जपूनच ठेवले. काहून ठेवले असतीन? घरात एवढे मयताचे कार्ड असल्यावर काय होईन दुसरं? मी अगुदर आली असती तं माहा भाऊ वाचला असता."

मयताच्या खबरीचं पोस्टकार्ड कोपरा फाडून धाडतात, वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हे काय मला ठाऊक नव्हतं? आमच्या घरीही आई तेच करायची. पण इतके रविवार ते कापलेले कोपरे हाताखालून गेले आणि माझ्या कधी मनातही आलं नाही. तुमच्या आलं होतं का? आलं असेल तर हसून सोडून दिलं असेल तुम्ही!

मला रागावताच आलं नाही. "बरं केलंत आक्का," म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

आता माझे मार्गदर्शक कुंभलकर सर आहेत. भला माणूस आहे. म्हणाले, "बाई, ते संगणकाचं प्रकरण काढून टाका. बाकीच्यावर मी उद्या सही करतो. उन्हाळ्याआधी प्रबंध जाईल तुमचा." ठेवायचं असेल तर त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनमधून तेच निकाल निघाले पाहिजेत. चुकतंय कुठे त्यांचं? जे काम पाहिलं नाही, ते माझ्या देखरेखीखाली झालं असं प्रमाणपत्र ते कसं देतील? टंकलेखक रोज विचारतो, प्रकरणं किती धरू? घरचेही म्हणतात, पदवी ती पदवी, कोण पानं मोजतंय.

खरं सांगू? आज सकाळपर्यंत मी काढूनच टाकणार होते. तुमच्यावर चिडलेही होते. इतकं करायचं आणि असं अर्ध्यावर सोडून जायचं, ही काय रीत झाली?

पण कचेरीतून निघाले ती महालात गेले. आक्का उद्या खोलीची किल्ली देऊन गावी चालल्यात. तुमचा चष्मा आणि दोन सदरे पिशवीत घातले होते त्यांनी. मला म्हणाल्या, "त्याच्या हातचं काहीतरी राह्यलं पाह्यजे वं. मले तं घरात काहीच सापडलं नाही. तुह्यापाशी आहे काय? ते काम तुमचं, झालं का पुरं?"

काय सांगणार होते मी, सर? तोंडातून निघून गेलं, "होऊन राहिलं आक्का." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मला तिथे थांबवेना.

आता ते करणं आलं. दुरुस्त्यांआधीच्या कार्डांची जुनी छापील प्रत आहे माझ्याकडे. तुमच्या दुरुस्त्या माझ्या मलाच शोधाव्या लागतील, आणि त्या सापडेपर्यंत अजून किती अहवाल, किती रविवार, कोण जाणे. बूड आहे माझ्याकडे. अक्कल मात्र तुमची लागायची, ती कुठून आणू?

बस लागतेय. एवढं कबूल करते सर. ते प्रकरण प्रबंधात असेल आणि त्याच्या पहिल्या पानावर तुमचं नाव असेल. नवी कार्डं मी कोराडीलाच ठेवीन, आक्कांच्या नजरेला पडू देणार नाही. बांधून आलेली पहिली प्रत मात्र काटोलला जाऊन त्यांच्याच हातात देईन. चारही कोपरे शाबूत असतील तिचे. ती घरात ठेवा म्हणेन.

तुमची, अजून डॉक्टर न झालेली,
नलू