विसांतल्या चौदा खुंट्या

मोताळा,
१७ फेब्रुवारी २०१३

प्रिय मलिहा बेटा,

अब्बांची मनापासून दुआ. माझी करवत सरळ चालते, पेन मात्र वाकडं जातं, हे तुला ठाऊक आहे. तुझी अम्मी म्हणाली, फोनच करून टाका. पण जे सांगायचं ते फोनवर एकदा टाळून झालं आहे. म्हणून मराठी शाळेतल्या सातवीच्या अक्षरांवर भरवसा ठेवून बसलो.

घरी सगळं ठीक. अम्मीचा गुडघा थंडी सरल्यापासून बरा आहे. शेजारच्या उकंडरावांचा कापूस यंदा अर्धाही निघाला नाही. पाऊस लवकर उघडला आणि उभी झाडं वाळत गेली. उपटली तर मुळांच्या जागी नुसती माती. ते अजून म्हणतात, “फारुखभाई, बीटीच्या पाकिटावर बोंडअळीचं लिवलं होतं, उधईचं कोनंच नाई लिवलं.” तुझ्या पुस्तकात तिला वाळवी म्हणतात, पण नाव बदलून तिची भूक थोडीच बदलते.

ईदला तू आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सीताफळाचा पाला उकळून तू काढा गाळलास आणि त्यात अकोल्याहून आणलेलं चांदीच्या क्षाराचं पाणी थेंबथेंब सोडलंस. बघता बघता फिकं पाणी चहासारखं तपकिरी झालं. तू म्हणालीस, अब्बा, यात आता चांदीचे कण आहेत, नॅनो म्हणतात त्यांना. किती बारीक, तर तुमच्या पॉलिशपेपरची धूळ त्यांच्यापुढे डोंगर. पस्तीस वर्षं मी उधईनं खाल्लेल्या चौकटी बदलतो आहे, आणि माझी मुलगी झाडाच्या पाल्यानं तिला अडवायला निघाली होती.  अम्मीला मी दिवसभर तेच ऐकवलं.

आंब्याच्या लाकडाच्या चाळीस खुंट्या मी कापल्या आणि तापल्या खिळ्यानं त्यांच्यावर नंबर उठवले. तू एकेक तोलून वजन लिहून घेतलंस. वीस औषधात बुडवल्यास, वीस कोऱ्या ठेवल्यास. सगळ्या उकंडरावांच्या शेतात पुरल्या. जाताना बजावलंस, तीन महिने हात लावायचा नाही आणि निघेल ते जसंच्या तसं पाठवायचं.

आता खरं लिहितो. मोताळ्याच्या बाजारात लोक विचारायचे, पोरगी काय शिकते? मी सांगायचो, चांदीच्या पाण्यानं उधई रोखते. ते हसायचे. मला राग यायचा, आणि मी म्हणायचो, बघाल, वीसच्या वीस खुंट्या शाबूत निघतील. मग खुंट्या उपटायचा दिवस आला. कोऱ्या विसांपैकी सतरा पोखरलेल्या. तुझ्या विसांपैकी चौदा अगदी तशाच, कडासुद्धा शाबूत. सहा मात्र खाल्लेल्या. त्या सहा हातात घेऊन मी बांधावर बसून राहिलो. आपल्या मुलीचं काम कुणी हसण्यावारी न्यावं, हे मला सोसेना. घरी येऊन त्याच फळीच्या नव्या सहा कापल्या, तापल्या खिळ्यानं तेच नंबर उठवले, उरलेल्या औषधात बुडवल्या, माती चोळली आणि पार्सलात घातल्या.

तू फोनवर एवढंच विचारलंस, “अब्बा, खुंट्या त्याच आहेत ना?” मी म्हणालो, “हाव.” तू नुसतं “बरं” म्हणालीस. त्या “बरं”चा अर्थ मला कळला नव्हता.

तो परवा उकंडरावांच्या मुलानं, जीवननं सांगितला. तो तुझ्याच कॉलेजात आहे, या प्रयोगावर तू तिथं भाषण दिलंस तेव्हा मागच्या बाकावर होता. म्हणाला, “काका, मलिहाताईनं सांगितलं की, तीन महिने मातीत राहून, वाळवून तोलल्या तरी सहा खुंट्यांचं वजन वाढलं, म्हणून त्या पुरलेल्या खुंट्या नव्हेत. कोणीतरी इचारलं, मग त्या सहा मोजनीतून काऊन नाई गाळत? तर ताई म्हने, मी माझ्या अब्बांले वळखते. चांगल्या असत्या तर त्याईनं बदलल्याच नसत्या. या सहा फसल्या म्हनूनच मोजा.” 

बेटा, आधी मान खाली गेली. मग उकंडराव हसत म्हणाले, “पोरगी तुमच्याहून सरळ निघाली फारुखभाई,” आणि माझी छाती भरून आली. मी वीस सांगून तुझी शान राखायला निघालो होतो. तू चौदा सांगून राखलीस. परवाच्या बाजारात मीही चौदाच सांगितल्या. या वेळी कुणी हसलं नाही. दोघातिघांनी औषध कधी मिळेल ते विचारलं. मी म्हणालो, अजून तपासणं चालू आहे, ती हो म्हणेल तेव्हा.

त्या खऱ्या सहा खुंट्या मी जाळल्या नव्हत्या. दुकानाच्या माळ्यावर पोत्यात ठेवल्या होत्या. काल काढून एकेक चिरून पाहिली. सहाही गाठीच्या लाकडाच्या आहेत. गाठीत औषधाचं पाणी मुरत नाही, आणि ती वाळली की भोवती फट पडते. उधई तिथूनच शिरली आहे, बाकीच्या अंगाला तिनं तोंड लावलेलं नाही. लाकूड निवडताना चूक माझी झाली असेल. पण हे एका सुताराच्या नजरेचं, तू तुझ्या पद्धतीनं पडताळून घे. जीवन उद्याच्या गाडीनं अकोल्याला निघतो आहे. सहाही खुंट्या त्याच्याजवळ दिल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत हे पत्र. या वेळी त्याच आहेत.

तुझाच,
अब्बा